रातले झोपच नही उनी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की सकाळी ओट्यावर जो भेटेल तो एकच सांगतो, "रातले झोपच नही उनी." माझं माहेर चोपडा तालुक्यात. उत्तरेला सातपुडा, अवतीभवती केळीचे बाग आणि डोक्यावर वैशाखाचं ऊन. झोपेचं सांगून झालं की तोच माणूस पुढे सांगतो, आज डोकं चढलंय, उगाच पोरावर हात उगारला, भाकरी गोड लागली नाही. दोन्ही गोष्टी एका दमात बोलल्या जातात, पण दुसरी पहिलीच्या पोटातून आली असेल असं कुणाच्या मनात येत नाही. झोप गेली ती उन्हाळ्यामुळे आणि राग आला तो स्वभावामुळे, अशी वाटणी करून लोक मोकळे होतात. मी शाळेत विज्ञान शिकवते. ही वाटणी चुकीची आहे, हे आपल्या माणसांना नीट सांगावं असं कितीतरी दिवस वाटत होतं.

2007 साली अमेरिकेत 26 निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या काहींना सुमारे 35 तास जागं ठेवलं, बाकीच्यांना झोपू दिलं. मग सगळ्यांना एमआरआय यंत्रात झोपवून चित्रं दाखवली. काही साधी, काही अंगावर येणारी. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो, त्याला अमिग्डाला म्हणतात. भीती आणि चीड यांची पहिली ठिणगी तिथे पडते. जागलेल्यांचा अमिग्डाला वाईट चित्रांना झोपलेल्यांपेक्षा सुमारे 60 टक्के जास्त भडकला. शिवाय कपाळामागचा जो भाग एरवी त्याला "थांब जरा" म्हणतो, त्याच्याशी असलेला दुवाही सैल पडलेला दिसला. म्हणजे चिडका माणूस आणि न झोपलेला माणूस यांच्यातला फरक बाहेरून ओळखू येणं कठीण.

35 तास आपल्याला कोण जागवतं, असं कुणी म्हणेल. पण 2003 सालचा दुसरा एक प्रयोग मला यापेक्षा जास्त काळजीचा वाटतो. त्यात माणसांना सलग 14 दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. अखेरीस लक्ष देण्याच्या चाचणीत त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांसारखी झाली. आणि त्यांना स्वतःला विचारलं तर म्हणत, थोडी झोप येते, बाकी ठीक आहे. आपला आख्खा मे महिना असाच जातो. तूट साठत राहते आणि ती आहे हे सांगणारी जाणीवच बोथट होते.

शरीराला वेळ कळते ती कशी? 1729 साली फ्रान्समध्ये द मेरां नावाच्या शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक झाड अंधाऱ्या कपाटात ठेवलं. ऊन नसतानाही पानं रोजच्या वेळेला उघडत आणि मिटत राहिली. घड्याळ झाडाच्या आतच होतं. असं घड्याळ पेशीत कसं चालतं हे फळमाश्यांवर काम करून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना 2017 साली नोबेल मिळालं. आपल्या मेंदूत डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका आहे, तो शरीराचा मुख्य घड्याळजी. पण त्याचा दिवस बरोबर 24 तासांचा नसतो. बहुतेकांचा दहा-बारा मिनिटांनी मोठा असतो. म्हणजे हे घड्याळ रोज थोडं मागे पडतं. रोज कुणीतरी काटा पुढे सरकवावा लागतो, नाहीतर झोप रोज थोडी उशिरावर ढकलली जाते. तो काटा सरकवतो सकाळचा उजेड.

घरातली ट्यूबलाइट आपल्याला लख्ख वाटते, पण तिचा उजेड दोन-तीनशे लक्सच्या घरात असतो (लक्स हे उजेड मोजायचं माप). सूर्य उगवून तासभर झाल्यावर अंगणात तो दहा हजारांच्या आसपास पोचतो. डोळा जुळवून घेतो म्हणून फरक जाणवत नाही. घड्याळाला मात्र तो कळतो. सडा टाकणारी बाई, चरवी घेऊन गोठ्यात जाणारा गडी यांना हा उजेड आपसूक मिळतो. जळगाव-धुळ्याच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढून दहापर्यंत अभ्यास करणाऱ्या मुलांना मिळत नाही. सगळ्यात वाईट वाटतं ते म्हाताऱ्यांचं. त्रास नको म्हणून आपण त्यांची बाज आतल्या खोलीत सरकवतो, आणि मग "आजी दिवसभर पेंगते, रात्रभर जागी" अशी तक्रार करतो. त्यांना सकाळी अर्धा तास ओट्यावर आणून बसवा. वयाप्रमाणे डोळ्याचं भिंग पिवळट पडतं आणि आत उजेड कमी जातो, म्हणून त्यांना आपल्यापेक्षा जास्त उजेड हवा असतो.

आता उष्म्याकडे येते, कारण खान्देशात झोपेचा खरा वैरी तोच. झोप लागण्याआधी शरीर आतलं तापमान खाली आणायला लागतं. पहाटेपर्यंत ते सुमारे एका अंशाने उतरतं. त्यासाठी ते हातापायांच्या कातडीतलं रक्त वाढवून उष्णता बाहेर सोडतं. तळपाय गरम झाले की झोप जवळ आली, हे खरंच आहे. पण बाहेरची हवाच 32-33 अंश असेल तर ही उष्णता जाणार कुठे? जगभरातल्या 68 देशांतल्या 47 हजारांहून जास्त लोकांच्या मनगटपट्ट्यांवरून 2022 साली एक हिशेब मांडला गेला. त्यात उष्ण रात्रींमुळे माणूस वर्षाला सरासरी 44 तास झोप गमावतो असं दिसलं. ही जगाची सरासरी. भुसावळ-जळगावात तर मेमध्ये पारा 45 ओलांडतो, ही बातमीसुद्धा राहिलेली नाही.

आमचं जुनं घर धाब्याचं होतं. हातभर जाड मातीच्या भिंती, वर लाकडाच्या सऱ्या आणि त्यावर मातीचा थर. ऊन त्यातून आत पोचेपर्यंत रात्र संपत येई. आता स्लॅब आहे. चार-पाच इंच काँक्रीट दुपारभर तापतं आणि संध्याकाळपासून ती उष्णता खाली सोडायला लागतं. म्हणून बाहेर गार वारा सुटला तरी रात्री अकरा वाजता खोलीचं छत भट्टीसारखं असतं. घर पाडून परत मातीचं बांधा असं मी म्हणणार नाही. पण गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला तर ऊन मुळात कमी शोषलं जातं, आणि दिवस मावळताना दोन-चार बादल्या पाणी शिंपडलं तर फरक हाताला कळतो. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना जवळपास 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. तेवढ्यात सात लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीपर्यंत नेता येतं. आपली हवा कोरडी असते तोवर हे गणित आपल्या बाजूचं आहे. कूलरही त्याच जोरावर चालतो, म्हणून कूलर लावून खिडकी बंद करू नका. दमट हवा कोंडली की तो नुसता चिकचिकाट करतो. मृगाच्या तोंडावर हवेत ओल आली की कूलर लावूनही घाम का सुकत नाही, त्याचंही कारण हेच.

झोपण्याआधी अंगावर बर्फाचं पाणी ओतणारे मी पाहिले आहेत. त्याने क्षणभर बरं वाटतं, पण कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच अडते. झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्याने आंघोळ केली तर त्या वाहिन्या उघडतात आणि अंग ओलसर असताना वारा आपलं काम करतो. गच्चीवर बाज टाकून झोपणं हा सगळ्यात चांगला उपाय, कारण कोरड्या, निरभ्र रात्री तापलेल्या वस्तू आपली उष्णता थेट आभाळाकडे सोडत राहतात. फक्त मच्छरदाणी हवी.

आणि ज्यांना रात्री झोपायचंच नाही त्यांचं काय? माझा भाऊ शेती करतो. शेतीची थ्री फेज लाइट आठवड्यातले काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. उन्हाळ्यात केळीला पाण्याचा एक दिवसही खंड चालत नाही. त्यामुळे लाइट रात्रीची असली की भाऊ टॉर्च आणि काठी घेऊन बारं द्यायला निघतो. साप, विंचू, आणि सातपुड्याच्या कडेला बिबट्या. या भीतीबद्दल गावात बोललं जातं. शरीराच्या आत काय होतं याबद्दल नाही. आठवड्यातून दोनदा दिवसरात्र उलटणं म्हणजे दर आठवड्याला विमानाने दूरदेशी जाऊन परत येण्यासारखं. घड्याळ एका दिवसात साधारण एखादा तासच सरकतं. ते भावाच्या मागे धावतं आणि पोचायच्या आत पाळी बदलते. जठर, यकृत, स्वादुपिंड यांचीही आपापली घड्याळं असतात. रात्री दोनला खाल्लेली भाकरी अशा वेळी पोटात जाते, जेव्हा इन्सुलिनचं काम मंदावलेलं असतं, म्हणून तीच भाकरी रक्तातली साखर जास्त वर नेते. भुसावळच्या रेल्वेतले आणि दीपनगरच्या वीज केंद्रातले रात्रपाळीवाले हेच भोगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला 2007 साली "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं आणि 2019 साली तेच मत कायम ठेवलं.

दिवसा वीज द्या ही शेतकऱ्यांची मागणी म्हणूनच मला आरोग्याचीही मागणी वाटते. 2017 पासून राज्यात सौर कृषी वाहिनी योजना आहे. सूर्याच्या विजेवर शेतीचे फिडर, म्हणजे शेताला वीज पुरवणाऱ्या लाइनी, दिवसा चालवायचे हा तिचा हेतू. ज्या गावात ती पोचेल तिथल्या माणसांना केळीच्या पाण्याबरोबर रात्रही परत मिळेल. आपल्या फिडरचं काय झालं हे ग्रामसभेत विचारावं, आणि ते बायांनीही विचारावं, कारण उजाडता घरी आलेल्या माणसाची चिडचिड त्यांच्याच वाट्याला येते.

खाण्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यात आपल्याकडचं बरंच मुळातच चांगलं आहे. कळण्याची भाकरी घ्या. ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं आणि उडदात ते भरपूर असतं, म्हणजे एकाची कमी दुसरं भरतं. सालासकट उडीद असल्याने तंतूही मिळतात. बिघडली आहे ती वेळ. पूर्वी दिवेलागणीला होणारं जेवण आता साडेदहाला, टीव्हीसमोर, तर्रीदार शेवभाजीसोबत होतं आणि लगेच आडवं पडणं. नऊच्या आत जेवून दहा-पंधरा मिनिटं शतपावली केली तरी खूप. चालताना मांड्यांचे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न पाहता स्वतः ओढून घेतात. दहा हजार पावलांचा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून आला, त्याची धास्ती घेऊ नका. म्हाताऱ्या बायांवरच्या 2019 सालच्या मोठ्या अभ्यासात रोज 4,400 पावलांनाही फायदा दिसला आणि 7,500 च्या पुढे तो फारसा वाढला नाही.

मनाविषयी बोलताना मला आखाजीचा झोका आठवतो. निंबाच्या फांदीला दोर, सासरहून आलेल्या लेकी आणि गाणी. जिनिव्हाच्या संशोधकांनी 2011 साली 12 जणांना हळू झुलणाऱ्या पलंगावर दुपारची डुलकी घ्यायला लावली. ते स्थिर पलंगापेक्षा लवकर झोपले आणि त्यांची झोप अधिक खोल झाली. गाण्याचंही तसंच. लांब ओळ एका दमात म्हणताना श्वास सोडणं लांबतं, आणि उच्छ्वास लांबला की व्हेगस नावाची नस हृदयाचे ठोके सावकाश करते. पण त्या झोक्यावर सगळ्यात मोठं औषध चालायचं ते बोलण्याचं. सासू, नणंद, नवऱ्याचं पिणं, सगळं तिथे निघायचं. मनातल्या भावनेला नुसतं नाव दिलं, "मला भीती वाटते", "मला राग आलाय", तरी तोच भडकलेला अमिग्डाला शांत होतो, हे मेंदूच्या चित्रांत दिसलं आहे. 2010 साली 148 अभ्यासांतल्या तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती एकत्र केली गेली. ज्यांची नाती घट्ट होती त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता दीडपट निघाली. बायांना आखाजीला झोका तरी मिळतो. पुरुषांनी कुठे बोलायचं? पारावर भाव, पाऊस आणि राजकारण चालतं. कर्जाचा घोर तिथे कुणी काढत नाही. दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, जेवण नाही, कशातच जीव रमत नाही, असं घरातल्या कुणाचं झालं तर ते उन्हावर ढकलू नका. डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून दिवसरात्र चालू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

रात्रीची लाइट असली की माहेरी आता एक शिस्त बसली आहे. संध्याकाळी निघण्याआधी भाऊ तासभर झोपून घेतो; आगाऊ घेतलेली ही झोप पहाटे उपयोगी पडते. थर्मासमधला चहा बारापर्यंत संपवायचा, कारण चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच तासांनंतरही रक्तात असतो. उजाडताना परत येताना तो टोपी पुढे ओढून घेतो, म्हणजे सकाळचा उजेड घड्याळाला "दिवस झाला" असं सांगणार नाही. वहिनीने मागच्या खोलीच्या खिडकीला गोणपाट शिवलं आहे. ती ते पाण्याने भिजवते, पंखा लावते आणि दार लोटून घेते. मग माय ओट्यावर बसते आणि अकरा वाजेपर्यंत भावाकडे आलेल्या प्रत्येकाला, पाटलाला सुद्धा, बाहेरच थांबवते.