‘काहींच्या मते’पुढचं ‘कोणाच्या?’

विकिपीडियावर वाक्याच्या मधेच बारीक अक्षरात, चौकटी कंसात ‘कोण?’ किंवा ‘कोणाच्या मते?’ लिहिलेलं सगळ्यांनीच पाहिलंय. वाक्यातलं मत नक्की कोणाचं ते लिहा, असं सांगणारी ती संपादकाने लावलेली खूण, म्हणजे टॅग. पण त्या टॅगच्या खानदानाला जे नाव चिकटलं ते मुळात भलत्याच गोष्टीचं होतं आणि पुढची निम्मी भांडणं त्यातूनच आली, असं माझं मत आहे (माझं, ‘काही जाणकारांचं’ नाही).

ते नाव म्हणजे ‘वीझल वर्ड्स’. वीझल हा लांबुडक्या अंगाचा छोटा शिकारी प्राणी. तो अंड्याला भोक पाडून आतलं सगळं चोखून घेतो आणि कवच तसंच ठेवतो अशी इंग्रजीतली जुनी समजूत. १९०० साली एका अमेरिकन मासिकातल्या कथेत राजकीय जाहीरनाम्यांतल्या शब्दांना हे नाव दिलं गेलं, म्हणजे असे शब्द जे शेजारच्या शब्दातला जीव काढून घेतात. १९१६ मध्ये एका माजी अमेरिकन राष्ट्राध्यक्षाने भाषणात ते गाजवलं, त्याचं उदाहरण होतं ‘सार्वत्रिक ऐच्छिक प्रशिक्षण’. ऐच्छिक म्हटलं की सार्वत्रिकमध्ये उरलं काय? आता बघा, यात ‘कोण म्हणालं’ हा प्रश्नच नाहीये. बोलणारा समोर उभा आहे, फक्त एका हाताने देतोय आणि दुसऱ्या हाताने काढून घेतोय.

विकिपीडिया २००१ मध्ये सुरू झाला, पहिल्या काही वर्षांतच हा शब्द तिथल्या संपादकांच्या तोंडी बसला आणि अर्थ सरकला. आता रोख ‘असं मानलं जातं’, ‘अनेकांना वाटतं’, ‘टीकाकारांचं म्हणणं आहे’ यांच्याकडे वळला, म्हणजे अर्थ शोषणाऱ्या शब्दावरून बोलणाऱ्याचा पत्ता लपवणाऱ्या वाक्यावर. मराठीत हे सगळं काम एकटं ‘म्हणे’ करतं, आणि त्यात निदान हे ऐकीव आहे एवढं तरी समोरच्याला कळतं. ‘असं मानलं जातं’ मात्र कोट घालून येतं.

गंमत म्हणजे ही वाक्यं तटस्थतेच्या नियमातूनच पैदा झाली. नियम सांगतो की स्वतःचं मत घुसडू नका, मत लिहायचंच तर ते कोणाचं ते लिहा. त्याच धोरणात एका काल्पनिक बेसबॉल खेळाडूचं उदाहरण आहे, ‘हा सर्वोत्तम खेळाडू’ असं थेट लिहू नये, आणि ‘अनेकांच्या मते सर्वोत्तम’ असंही नाही. पण पहिलं अर्धं वाचून लोक थांबले, आपल्या मताच्या पुढे ‘अनेकांच्या मते’ चिकटवलं की झालं तटस्थ!

२००५ हे वर्ष यात मोठं. त्याच वर्षी ‘संदर्भ हवा’ या अर्थाचा इंग्रजी टॅग आला, एका ज्येष्ठ पत्रकाराच्या लेखात कोणीतरी घातलेला खोटा मजकूर जवळपास चार महिने तसाच राहिल्याचं उघड झालं, आणि डिसेंबरात तळटीपा टाकायची सोय आणि हयात व्यक्तींवरच्या लेखांचं वेगळं धोरण दोन्ही आलं. त्याच पठडीत ‘कोण?’, ‘कोणाच्या मते?’, ‘कधी?’ असे टॅग रुळले. टॅगमध्ये तो कधी लावला तो महिना आणि वर्ष लिहायचं असतं, ते माणूस विसरला तर बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्राम) येऊन भरतो, मग तो लेख त्या महिन्याच्या वर्गात, म्हणजे टॅग लागलेल्या लेखांच्या यादीत, जाऊन पडतो आणि पडूनच राहतो.

पण खरं त्रांगडं टॅग लागल्यानंतरचं आहे. समजा वाक्य आहे, ‘काही समीक्षकांच्या मते चित्रपट संथ आहे’. एक जण ‘कोणाच्या?’ लावतो. दुसरा येतो, त्याला टॅग डोळ्यात खुपतो, तो ‘काही समीक्षकांच्या मते’ एवढंच उडवतो. टॅग गेला, उरलं ‘चित्रपट संथ आहे’. म्हणजे मोघम मत होतं ते आता विश्वकोशाचं स्वतःचं मत झालं, रोगापेक्षा औषध वाईट! तिसरा येऊन तीन समीक्षकांची नावं टाकतो, आता वाटतं की बाकी सगळ्यांना आवडला होता, फक्त या तिघांनाच नाही. आणि चौथा प्रकार तर सर्वांत बेरकी, सर्वमान्य गोष्टीलाही ‘अमुक शास्त्रज्ञांच्या मते’ लावून ती वादग्रस्त भासवायची.

वरून असंही की वाक्यापुढे संदर्भ आहे आणि तो लेखकच ‘बहुतेक इतिहासकार’ म्हणतोय, तर टॅग लावायचा का? नियम म्हणतो नाही, स्रोताचंच म्हणणं तसं असेल तर चालतं, आणि लेखाच्या सुरुवातीच्या सारांशातही चालतं, खाली तपशील असेल तर. मात्र पाच पुस्तकं स्वतः मोजून ‘बहुतेक’ लिहिता येत नाही, ते कुणीतरी छापील म्हटलेलं हवं. मला हा भाग पटतो, पण टॅग लावणारे कितीतरी जण स्रोत उघडतच नाहीत, ‘काही’ दिसलं की लावला.

२०१० मध्ये अशा शब्दांबद्दलची वेगवेगळी पानं एकत्र करून ‘जपून वापरायचे शब्द’ असं एकच मार्गदर्शक पान झालं. तिथे या भागाचं शीर्षक आता ‘आधार नसलेली मतं’ अशा अर्थाचं आहे, जे कितीतरी नेमकं आहे, पण त्या पानाकडे नेणारे शॉर्टकट आणि साचे (टॅगचे तयार नमुने) अजून वीझलच्याच नावाने चालतात.

त्याच २०१० मध्ये संगणकीय भाषाशास्त्रातल्या एका स्पर्धेत हे टॅग कामाला आले. संपादकांनी खुणा केलेली विकिपीडियातली वाक्यं देऊन यंत्राला मोघमपणा ओळखायला लावलं. जीवशास्त्रातल्या शोधनिबंधांवर सर्वोत्तम गुण शंभरपैकी ८६ च्या आसपास गेले, विकिपीडियावर मात्र ६० च्या आसपासच अडकले. यात नवल काय, माणसांचंच एकमत नव्हतं.

आणि आता चक्र उलटं फिरलंय. २०२५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर एआयने लिहिलेला मजकूर कसा ओळखायचा याची लांबलचक यादी तयार झाली, त्यात मोघम श्रेय हे एक ठळक लक्षण आहे, ‘निरीक्षकांनी नमूद केलंय’, ‘तज्ज्ञांचं म्हणणं आहे’ वगैरे, किंवा एकाच माणसाचं म्हणणं ‘अनेकांचं’ म्हणून. यंत्रं हे कुठून शिकली ते उघड आहे, विकिपीडिया त्यांच्या प्रशिक्षणात ठासून भरलाय, वीस वर्षं टॅग लागून पडलेल्या वाक्यांसकट.