वेदनामापन आणि रुग्णाला पूर्वकल्पना

रुग्णाचे दुखणे किती व कोणत्या जातीचे आहे हे ठरवण्याची, तसेच पुढे काय दुखेल हे त्याला आधी सांगण्याची पद्धत. ताप थर्मामीटर सांगतो. वेदनेला असे यंत्र नाही. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये आपली १९७९ ची व्याख्या सुधारली, तेव्हा ‘दुखतंय’ म्हणणाऱ्याच्या शब्दाचा मान राखावा, असे टिपणात स्पष्ट नोंदवले.

रुळलेले माप म्हणजे ० ते १० हे आकडे. मुलांना चेहऱ्यांची चित्रे दाखवतात. तान्ह्या बाळाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि जवळ घेतल्यावर शांत होणे पाहून गुण देतात.

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ पासूनचे. सांगली जिल्ह्याच्या खेड्यांतून आणि कर्नाटकातून रुग्ण इथे येत आले. दहापैकी आकडा विचारला की एखादी आजी गप्प होते. ‘रुपयात किती आणे राहिलंय?’ म्हटले, की लगेच सांगते, ‘चार आणे हाय बघा.’ हेही मापच, आणि ते कागदावर उतरले पाहिजे. शब्द तर त्याहून नेमके: दाढ ठणकते, गळू ठसठसते, पोटात मुरडा येतो, कमरेत उसण भरते, ऊस तोडून दंडाला रग लागते. पायाची आग, मुंग्या, विजेसारखी चमक असे कोणी सांगितले, तर नसेच्या दुखण्याची शंका घ्यावी. त्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये असे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत लावून वेदना मोजण्याची मॅकगिल प्रश्नावली केली. तिचे शब्दशः भाषांतर मात्र उसणीपर्यंत पोहोचत नाही.

पूर्वकल्पनेचा गाजलेला प्रयोग भूलतज्ज्ञ लॉरेन्स एगबर्ट व सहकाऱ्यांचा, १९६४ चा. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या ९७ रुग्णांपैकी काहींना कुठे दुखेल, किती दिवस दुखेल, अंग सैल कसे सोडायचे हे आदल्या रात्रीच सांगितले होते. त्यांना अफूजन्य वेदनाशामके इतरांच्या जवळपास निम्मी पुरली. नंतरच्या आढाव्यांतील पुरावा इतका भक्कम नाही. तरी पोटाला उशी धरून खोकायचे कसे, हे आदल्या संध्याकाळी करवून घ्यायला पाच मिनिटे पुरतात. ‘आता फार दुखणार’ एवढेच बजावले, तर दुखणे वाढते. ‘आधी गार लागेल, मग ओढल्यासारखं वाटेल’ असे सांगावे, आणि कन्नडभाषकाला ते कन्नडमध्येच; त्याच्या दुखण्याला तो ‘नोवु’ म्हणतो.