जागाच न झालेला संगणक आणि काळ्या पडद्यामागे जागा असलेला संगणक

लॅपटॉपचे झाकण उघडले, पंखा फिरू लागला, लुकलुकणारा पॉवरचा दिवा स्थिर झाला आणि तरीही पडदा काळाच राहिला, किंवा लॉक स्क्रीनवरचे घड्याळ काल रात्रीच्या वेळेवरच थांबलेले दिसले, तर लिनक्स वापरणारे बहुतेक जण एवढेच म्हणतात की ‘सस्पेंडनंतर हँग होतो’, म्हणजे झोपवल्यानंतर अडकतो. या वर्णनात दोन पूर्णपणे वेगळे बिघाड एकत्र येतात. पहिल्यात कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, झोपेतून बाहेर येतानाच वाटेत कुठेतरी अडकतो, म्हणजे संगणक जागाच झालेला नसतो. दुसऱ्यात कर्नल व्यवस्थित जागा होतो, डिस्क आणि नेटवर्क चालू असतात, पण ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा डेस्कटॉप रंगवणारा कॉम्पोझिटर अडकल्यामुळे पडद्यावर काहीच उमटत नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पण एकावरचे उपाय दुसऱ्याला लागू पडत नाहीत. बूटच्या ओळीत (कर्नलला सुरू होताना दिल्या जाणाऱ्या सूचनांत) सापडतील ते पर्याय एकामागून एक टाकून पाहण्याआधी आपला बिघाड कोणत्या बाजूचा आहे हे ठरवणे म्हणूनच आवश्यक आहे.

ही सीमारेषा नेमकी कुठे आहे ते झोपण्या-उठण्याच्या क्रमावरून कळते. सस्पेंड करताना कर्नल प्रथम चालू असलेले सर्व प्रोग्रॅम गोठवतो, मग एकेका उपकरणाच्या ड्रायव्हरला ते उपकरण निजवायला सांगतो, त्यानंतर, झोप खोल प्रकारची असेल तर, एक सोडून बाकीचे सीपीयू बंद करतो आणि शेवटी कारभार यंत्रातच बसवलेल्या फर्मवेअरकडे सोपवतो. जागे होताना हाच क्रम उलटा चालतो आणि प्रोग्रॅम पुन्हा मोकळे झाले की कर्नल आपल्या नोंदीत ‘पीएम: सस्पेंड एक्झिट’ अशी ओळ लिहितो. पहिला बिघाड या ओळीच्या आधीचा असतो आणि दुसरा, निदान बहुतेक वेळा, तिच्या नंतरचा.

ओळखण्याची सर्वांत भरवशाची कसोटी म्हणजे घरातला दुसरा संगणक किंवा फोन. अडकलेल्या यंत्राचा स्थानिक आयपी पत्ता आधीच टिपून ठेवावा, त्यावर एसएसएच सर्व्हर (नेटवर्कवरून यंत्रात शिरू देणारा प्रोग्रॅम) चालू करून ठेवावा आणि शक्य असेल तर नेटवर्कची केबल जोडावी, कारण वाय-फायचे कार्ड स्वतःच उशिरा उठत असेल तर निष्कर्ष चुकू शकतो. मग पडदा काळा असताना दुसऱ्या यंत्रावरून पिंग करून, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून, उत्तर येते का ते पाहावे. पिंगला उत्तर स्वतः कर्नल देतो, त्यासाठी कोणताही प्रोग्रॅम जागा असावा लागत नाही. एसएसएचने आत जाता आले तर मात्र कर्नल, डिस्क आणि प्रोग्रॅम हे सगळेच चालू आहेत असे खात्रीने म्हणता येते आणि बिघाड दुसऱ्या प्रकारचा ठरतो. या स्थितीत एसएसएचवरूनच कर्नलच्या ताज्या नोंदी वाचता येतात, उघड्या राहिलेल्या फाइली वाचवता येतात आणि डिस्प्ले मॅनेजर (लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्रॅम) पुन्हा सुरू करून पडदा परतही आणता येतो. त्यात उघडी सत्रे बंद होतात, पण पॉवरचे बटण दाबून धरण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

दुसरे यंत्र हाताशी नसेल तेव्हा लोक कॅप्स लॉकचा दिवा पाहतात. या दिव्यावर वाजवीपेक्षा जास्त विश्वास टाकला जातो. ग्राफिकल सत्रात हा दिवा लावण्या-विझवण्याचे काम पडदा हाताळणाऱ्या जुन्या पद्धतीचा एक्स सर्व्हर किंवा नव्या वेलँड पद्धतीचा कॉम्पोझिटर करत असतो. त्यामुळे दिवा बदलला तर कॉम्पोझिटरपर्यंत सगळे जिवंत आहे हे कळते, पण तो बदलला नाही म्हणजे कर्नल मेला असे सिद्ध होत नाही, कारण अडकलेला कॉम्पोझिटर दिव्याला हात लावणार नाहीच. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ दाबून मजकुरी कन्सोलवर जाण्याच्या युक्तीचेही हेच, कारण ग्राफिकल सत्र चालू असताना ती विनंतीसुद्धा बहुधा कॉम्पोझिटरच्याच हातून जाते. दिवा आपोआप लुकलुकू लागला तर गोष्ट वेगळी. लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डवर ती बहुधा कर्नल पॅनिकची (कर्नल सावरू न शकल्याने थांबल्याची) खूण असते आणि मग दुसऱ्या प्रकाराचा विचार सोडून द्यावा.

याहून खात्रीची कळ म्हणजे सिस-आरक्यू, जी बऱ्याच कीबोर्डांवर प्रिंट स्क्रीनच्याच बटणावर असते. ऑल्टबरोबर ती धरून एखादे अक्षर दाबले की ती आज्ञा थेट कर्नल ऐकतो, कॉम्पोझिटरला मध्ये विचारले जात नाही. ‘एस’ने डिस्कवर लिहायचे बाकी असलेले सर्व लिहिले जाते, ‘यू’ने डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते आणि ‘बी’ने संगणक तत्काळ पुन्हा सुरू होतो. पण येथे एक मेख आहे. कोणती अक्षरे चालतील हे एका आकड्यावर ठरते आणि तो आकडा लिनक्सच्या वितरणागणिक (उबुंटू, फेडोरा वगैरे) बदलू शकतो. उबुंटूत तो बरीच वर्षे १७६ आहे, ज्यात वरची तिन्ही अक्षरे चालतात पण कीबोर्ड सोडवणारे ‘आर’ चालत नाही. फेडोरात तो १६ आहे, ज्यात ‘एस’ सोडून काहीच चालत नाही. फेडोरावर ‘बी’ दाबूनही काही झाले नाही म्हणून कर्नल मेला असे कोणी मानले, तर त्याने कर्नलऐवजी एक सेटिंग तपासलेले असते. तपास चालू असेपर्यंत हा आकडा १ करून ठेवावा, म्हणजे सगळी अक्षरे चालतात, आणि काम झाल्यावर पूर्ववत करावा, कारण लॉक केलेल्या यंत्रापाशी येणाऱ्या कोणाच्याही हाती ही अक्षरे असणे बरे नव्हे. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. सिस-आरक्यूला प्रतिसाद मिळाला तर कर्नल कीबोर्डचे ऐकतो आहे एवढेच कळते. कीबोर्ड उठल्यानंतर दुसऱ्या एखाद्या उपकरणापाशी कर्नल अडकला असेल, तरीही ‘बी’ चालू शकते.

यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर खरा पुरावा जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, असतो. जर्नल-सीटीएल या आज्ञेला मागच्या बूटच्या केवळ कर्नलच्या नोंदी मागाव्यात आणि शेवटून वर वाचत जावे. शेवटची ओळ ‘पीएम: सस्पेंड एन्ट्री’ची असेल, तिच्यापुढे ‘डीप’ किंवा ‘एस-टू-आयडल’ असा झोपेचा प्रकार लिहिलेला असेल आणि तिच्याखाली काहीच नसेल, तर बिघाड पहिल्या प्रकारचा असण्याची शक्यता मोठी आहे. झाकण उघडल्याच्या वेळेची ‘सस्पेंड एक्झिट’ ओळ सापडली आणि तिच्याखाली ग्राफिक्स ड्रायव्हरच्या तक्रारी दिसल्या, तर तो दुसरा प्रकार. इंटेलच्या ड्रायव्हरची अशी तक्रार ‘जीपीयू हँग’ या शब्दांत येते, एएमडीच्या ड्रायव्हरची ‘रिंग’ आणि ‘टाइमआउट’ या शब्दांत, तर एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ‘एक्सआयडी’ हा शब्द आणि त्यापुढे एक क्रमांक अशा रूपात.

जर्नल अचानक तुटलेला दिसणे हा मात्र निर्णायक पुरावा नाही, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. झोपण्याच्या क्रमात प्रोग्रॅम आधी गोठवले जातात, आणि जर्नल लिहिणारा प्रोग्रॅमही त्यांतलाच एक. त्यानंतर कर्नल जे काही नोंदवतो ते केवळ मेमरीत राहते आणि जागे झाल्यावरच डिस्कवर उतरते. त्यामुळे यंत्र झोपतानाच अडकले की उठताना, हे तुटलेल्या जर्नलवरून सांगता येत नाही. शिवाय कर्नल उठला पण एनव्हीएमई डिस्क (एक प्रकारची वेगवान एसएसडी) उठली नाही, तरी जर्नल तिथेच तुटतो. अशा वेळी पिंगला उत्तर येते, एसएसएच मात्र लटकते आणि आधी उघडलेल्या टर्मिनलमध्ये साधी आज्ञाही चालत नाही, कारण तिची फाइल डिस्कवरून वाचता येत नाही. तिसरे कारण आपल्याच घाईचे असते. जर्नल आपल्या साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या करण्याचे काम मूळ सेटिंगप्रमाणे दर ५ मिनिटांनी करतो, म्हणून पडदा काळा दिसताच पॉवरचे बटण दाबून धरले तर हव्या त्याच ओळी हरवू शकतात. एखादा मिनिट थांबावे, ऑल्ट आणि सिस-आरक्यूसह ‘एस’ दाबावे आणि मगच बंद करावे.

बिघाड पहिल्या प्रकारचा ठरला तर प्रथम झोपेचा प्रकार पाहावा. सिस फाइल-सिस्टिमच्या पॉवर या फोल्डरात मेम-स्लीप नावाची फाइल असते. तिच्यात उपलब्ध प्रकारांची नावे असतात आणि निवडलेल्या नावाभोवती चौकोनी कंस असतो. ‘डीप’ म्हणजे एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकातली जुनी एस-३ अवस्था, ज्यात मेमरी वगळता जवळजवळ सगळ्यांचा वीजपुरवठा तुटतो आणि उठताना फर्मवेअरला पुढाकार घ्यावा लागतो. ‘एस-टू-आयडल’मध्ये फर्मवेअरकडे कारभार जातच नाही, कर्नल उपकरणे निजवून सीपीयूला खोल विश्रांतीत ठेवतो. विंडोजच्या मॉडर्न स्टँडबायसाठी बनवलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांत एस-३ मुळात दिलेलेच नसते, आणि काहींत ते नावापुरते शिल्लक असते. बॅटरी झोपेत उतरते म्हणून बूटच्या ओळीत ‘डीप’ हा मूळ प्रकार ठरवून टाकावा असा सल्ला सर्वत्र मिळतो. ज्या यंत्राच्या फर्मवेअरमध्ये एस-३ची चाचणीच नीट झालेली नाही, तिथे हाच सल्ला न उठण्याचे कारण ठरू शकतो. उलट उदाहरणही आहे. थिंकपॅड एक्स-१ कार्बनच्या सहाव्या पिढीत सुरुवातीला एस-३ नव्हते. २०१८मध्ये लेनोवोने बायॉसमध्ये (फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये) झोपेच्या प्रकारासाठी ‘लिनक्स’ हा पर्याय दिला, तेव्हा ते रीतसर मिळाले. म्हणून बायॉसमध्ये असा पर्याय आहे का ते आधी पाहावे आणि कर्नलच्या ओळीला नंतर हात लावावा.

झोपेचा प्रकार बदलूनही फरक पडला नाही तर नेमका कोणता टप्पा अडतो हे शोधावे लागते. मेम-स्लीपच्या शेजारीच पीएम-टेस्ट नावाची फाइल असते. तिच्यात ‘फ्रीझर’ लिहून सस्पेंड केले तर कर्नल केवळ प्रोग्रॅम गोठवतो, साधारण ५ सेकंद थांबतो आणि परत येतो. ‘डिव्हायसेस’ लिहिले तर उपकरणेही निजवून उठवतो, आणि त्यापुढच्या नावांनी ‘कोअर’पर्यंत आणखी खोल जातो. ‘फ्रीझर’ सुरळीत आणि ‘डिव्हायसेस’वर यंत्र अडले, तर दोष एखाद्या ड्रायव्हरचा आहे आणि वाय-फाय, ब्लूटूथ, कार्ड रीडर यांची ड्रायव्हर-मॉड्यूल एकेक उतरवून तो पकडता येतो. ‘कोअर’पर्यंत सगळे सुरळीत असूनही खऱ्या झोपेतून यंत्र उठत नसेल, तर संशय फर्मवेअरवर जातो. अगदीच काही हाती लागले नाही तर पीएम-ट्रेस उरतो. त्यात कर्नल आपण कुठवर पोचलो याची खूण यंत्राच्या घड्याळाच्या चिपमध्ये लिहून ठेवतो आणि लगेच पुन्हा सुरू केल्यावर ती उलगडून संशयित उपकरण दाखवतो. या खटपटीत तारीख आणि वेळ बिघडते, ती नंतर नीट करून घ्यावी लागते.

दुसऱ्या प्रकारात हे सगळे व्यर्थ आहे. तिथे प्रश्न ग्राफिक्सचा असतो आणि तो सर्वाधिक दिसतो एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरबरोबर. एस-३मध्ये ग्राफिक्स कार्डाची मेमरी पुसली जाते, म्हणून तिच्यातला मजकूर झोपण्याआधी दुसरीकडे ठेवून उठल्यावर परत भरावा लागतो. त्यासाठी ड्रायव्हरमध्ये व्हिडिओ मेमरी जपण्याचा पर्याय आहे आणि त्याच्या जोडीला एनव्हिडिया-सस्पेंड, एनव्हिडिया-रिझ्यूम आणि एनव्हिडिया-हायबरनेट या सिस्टमडीच्या (पार्श्वभूमीतल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेवा आहेत. पर्याय चालू आणि सेवा बंद, किंवा याच्या उलट, अशी अर्धवट स्थिती असेल तर उठल्यावर काळा पडदा, चिंध्या झालेली अक्षरे किंवा फक्त हलणारा माउसचा बाण दिसू शकतो. जपलेली मेमरी मूळ सेटिंगप्रमाणे टेंप फोल्डरात जाते, आणि ते फोल्डर रॅमवरच असेल तर जागा अपुरी पडते. मार्ग बदलून व्हारमधल्या टेंपकडे द्यावा. बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ टाकून पाहा, हा सल्ला मात्र मला निरुपयोगी वाटतो. त्याने मूळ ग्राफिक्स ड्रायव्हरच बाजूला होतो आणि ज्याची तपासणी करायची तोच हजर राहत नाही. त्यापेक्षा वेलँडऐवजी एक्सच्या सत्रात, किंवा दुसऱ्या डेस्कटॉपात, तोच प्रयोग करून पाहिल्यास दोष कॉम्पोझिटरचा की ड्रायव्हरचा हे उलगडू शकते.

दोन्ही प्रकारांच्या मधोमध बसणारा एक प्रकार २०२४पासून दिसू लागला आहे. सिस्टमडीच्या २५६व्या आवृत्तीपासून झोपण्याआधी वापरकर्त्यांची सत्रे सिस्टमडी स्वतः गोठवतो आणि उठल्यावर मोकळी करतो. हे मोकळे करणे फसले, तर कर्नल जागा, ग्राफिक्स जागे, पण सत्रातला प्रत्येक प्रोग्रॅम गोठलेला, अशी स्थिती होते. एसएसएच पासवर्ड विचारते आणि तिथेच थांबू शकते, कारण नवे सत्रही त्याच गोठलेल्या गटात जाते. कसोटीतून ‘पिंग चालते, आत जाता येत नाही’ एवढेच निघाल्यावर डिस्कवर आळ घेण्याआधी सिस्टमडीची आवृत्ती पाहावी. सस्पेंडच्या सेवेला सत्रे न गोठवण्याचा पर्यावरण-चल (प्रोग्रॅमला सुरू होताना मिळणारे सेटिंग) देऊन हे वर्तन बंद करता येते.

कोणताही उपाय केल्यावर एकदा झाकण मिटून-उघडून समाधान मानू नये, कारण हे बिघाड दर वेळी होतातच असे नाही. आरटीसी-वेक या आज्ञेने यंत्राला ठरावीक सेकंद झोपवून आपोआप उठवता येते. ती फेरी लागोपाठ चालवावी आणि दुसऱ्या यंत्रावरून पिंग चालूच ठेवावे. पुन्हा अडकल्यास पिंग थांबले आहे की चालू आहे, हे बघितल्यावरच तक्रार कर्नलकडे नोंदवायची की ग्राफिक्स ड्रायव्हरकडे, ते ठरवावे.