'न्येगो' पण 'नेगामोस': स्पॅनिश धातू मध्येच का बदलतो?

स्पॅनिशच्या वर्गात वर्तमानकाळ शिकताना कधीतरी 'नेगार' म्हणजे नाकारणे हा धातू चालवायची वेळ येते. मी न्येगो, तू न्येगास, तो न्येगा, आम्ही नेगामोस, तुम्ही नेगाइस (हे रूप मुख्यतः स्पेनमध्ये चालते), ते न्येगान. चार ठिकाणी 'न्ये', दोन ठिकाणी 'ने'. 'अनियमित आहे, पाठ करा' असे सांगितले जाते आणि मुले निमूटपणे पाठ करतात. मला हे फार खटकते, कारण इथे काटेकोर नियम आहे आणि तो पाठांतरापेक्षा कितीतरी सुंदर आहे.

ही रूपे मोठ्याने म्हणून बघा. 'न्येगो'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'नेगामोस'मध्ये 'गा'वर. जोर, म्हणजे आघात, धातूवर पडला की 'ए' फुटून 'ये' होतो. आघात प्रत्ययावर सरकला की 'ए' शाबूत राहतो. 'ओ'चा तसाच 'वे' होतो: रोगार (विनवणे), र्वेगो, पण रोगामोस. हे क्रियापदांपुरतेही नाही. सात म्हणजे 'स्येते', पण सत्तर 'सेतेन्ता'. नऊ 'न्वेबे', पण नव्वद 'नोबेन्ता'. नियम तोच.

आता आघात का सरकतो, ते पाहू. स्पॅनिश जिच्यातून निघाली त्या लॅटिनमध्ये शेवटून दुसरे अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. वृत्तांमुळे लघू-गुरू आपल्याला परिचयाचे आहेतच. नेगो, नेगास, नेगात, नेगान्त ही रूपे उच्चारात दोनच अक्षरांची (ने-गात, ने-गान्त), तेव्हा आघात पहिल्यावर पडण्यावाचून गत्यंतर नाही. 'नेगामुस' आणि 'नेगातिस' यांत मधला 'आ' दीर्घ, म्हणून आघात तिथे. चार आणि दोन! स्पॅनिश तक्त्यातली विभागणी लॅटिनमध्येच झालेली होती.

उरला स्वर. मराठीत 'ए' आणि 'ओ' यांना ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, लॅटिनमध्ये होता. पुढे बोलीभाषेत लांबीचा भेद बुजला आणि त्याची जागा तोंडाच्या उघडेपणाने घेतली. जुना ऱ्हस्व 'ए' जबडा जास्त उघडून, 'ॲ'कडे झुकवून उच्चारला जाऊ लागला. दीर्घ 'ए' मिटलेला राहिला. उघड्या स्वरावर आघात आला की तो ताणला जाई. ताणताना जीभ एका जागी न राहता वरून निघून खाली उतरे, म्हणजे स्वराच्या सुरुवातीला 'इ' ऐकू येई: इए, ये. 'ओ'च्या सुरुवातीला तसाच 'उ' आला: उओ, पुढे वे. मिटलेले स्वर या फंदात पडले नाहीत. म्हणून देबेर (देणे लागणे) याचे 'देबो', योरार (रडणे) याचे 'योरो'. या धातूंत लॅटिनचा स्वर दीर्घ होता. पोर्तुगीजने तर उघडा स्वरही फोडला नाही. गोव्यात पोर्तुगीज येणाऱ्याचे दार 'पोर्ता' असते, स्पॅनिश माणसाचे 'प्वेर्ता'.

एवढे कळले की इतर काळ सोपे होतात. 'नेगाबा' (नाकारत असे), 'नेगारे' (मी नाकारीन) यांत आघात धातूवर नाही, म्हणून फोडही नाही.

संस्कृत शिकलेल्यांनी 'एमि, इमः' (मी जातो, आम्ही जातो) किंवा 'अस्मि, स्मः' (मी आहे, आम्ही आहोत) आठवावे. वैदिक उच्चारात 'एमि'चा उदात्त स्वर, म्हणजे तिथला आघात, धातूवर, 'इमः'चा प्रत्ययावर. म्हणून एकीकडे धातू भरदार, दुसरीकडे क्षीण. नासाने संस्कृतला संगणकासाठी सर्वोत्तम भाषा ठरवल्याचा संदेश अजून फिरतो. नासाने असे काहीही ठरवलेले नाही. मुळात १९८५ साली नासाच्या एका संशोधन केंद्राशी संबंधित संशोधक रिक ब्रिग्ज यांनी संस्कृत व्याकरणपरंपरेतले वाक्यविश्लेषण आणि कृत्रिम बुद्धिमत्तेतली ज्ञान मांडण्याची पद्धत यांतले साम्य एका लेखात दाखवले होते, इतकेच. 'एमि, इमः'चे सौंदर्य पाहायला असल्या प्रशस्तिपत्राची गरज नाही.

अपवादही आहेत, पण त्यांना कारणे आहेत. सेम्ब्रार (पेरणे) याचा लॅटिन 'ए' दीर्घ, तरी आज 'स्येम्ब्रो' म्हणतात. न्येगोसारख्या रूपांच्या ओढीने लोकांनी तो फोडला. येबार (नेणे) याचे उलट झाले. जुना धातू 'लेबार', त्याचे नियमाप्रमाणे 'ल्येबा'. त्यातल्या 'ल'मध्ये 'य' मुरून तालव्य 'ल्य' हे एकच व्यंजन बनले, पुढचा 'ए' पुन्हा साधा राहिला, आणि मग हे व्यंजन जिथे आघात नव्हता त्या रूपांतही शिरले. बहुतेक ठिकाणी त्याचा उच्चार आता नुसता 'य' होतो. येबो, येबा, येबामोस: वर्गात हा धातू 'नियमित' म्हणून शिकवतात.