सीतेची आसवं की दवबिंदू? सड्यावर जरा वाकून बघा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की आम्ही गोव्यातल्या साखळीवरून केरी करत चोर्ला घाटाकडे निघतो, आणि दरवर्षी कोणीतरी सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठारावर, पोचल्या पोचल्या एका जांभळ्या फुलाचा फोटो टाकतंच, ‘हे बघा किडे खाणारं फूल’. अहो, फूल किडे खात नाही, परागीकरणाला उलट किडे यावेत म्हणून तर ते फुललेलं असतं! खाण्याचं काम झाडाचा दुसराच भाग करतो, आणि तिथेच सीतेची आसवं आणि दवबिंदू या दोन किडे खाणाऱ्या झाडांची गल्लत होते, कारण दोन्ही इवलीशी, दोन्ही ओल्या जांभ्यावर, शेजारी शेजारी.

दवबिंदू ओळखायचा असेल तर उन्हं वर आल्यावर जा. मागच्या वेळी मी अकरा वाजता उकिडवी बसून बघत होते, गवतावरचं दव कधीच सुकलेलं, पण याच्या सुईसारख्या पानावरच्या लाल केसांच्या टोकाला थेंब तसेच चमकत होते. ते दव नाहीच, चिकट द्राव आहे. एक चिलट अडकलेलं, एक पाय सोडवायला गेलं की दुसरा शेजारच्या केसाला चिकटायचा. मग बाकीचे केस सावकाश त्याच्यावर वाकतात आणि ते तिथेच पचवलं जातं. याचं फूल साधं, पाच सुट्या पाकळ्यांचं, गुलाबीसर.

सीतेच्या आसवांच्या फुलाला दोन ओठ आणि मागे शेपटीसारखं टोक असतं. पानं जवळजवळ दिसतच नाहीत, खरी मुळंही नाहीत, आणि सापळा मातीखाली, मोहरीपेक्षा बारीक फुगे. झाड फुग्यातलं पाणी बाहेर काढून टाकतं त्यामुळे तो आत दबून ताणलेला राहतो, मग पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव दाराशी असलेल्या केसाला लागला की दार उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत! डोळ्याला काहीच दिसत नाही.

पावसाने धुपलेल्या जांभ्यात नायट्रोजन फार कमी, म्हणून दोघांनाही ही शिकार करावी लागते.

फुगे बघायच्या हौसेने आसवं उपटू नका प्लीज, हातात नुसता दांडा येतो आणि फुगे तुटून मातीतच राहतात. गाडी डांबरावरच ठेवा, सड्यावर ही माती जेमतेम बोटभर असते. आणि घाटात जायला जमलं नाही तर भातशेताच्या ओल्या कडेला बघा, निळसर आसवं तिथे गवताला वेटोळे घालत वर चढलेली सापडतात.