‘दिसलाच नाहीत हो!’ ही थाप नसते

सायकलवाला आणि मोटारवाला यांच्या भांडणात एक वाक्य हमखास येतं. करकचून ब्रेक लागतो, सायकलवाला एक पाय जमिनीला टेकवून उभा राहतो, काच खाली होते आणि आतून आवाज येतो, ‘सॉरी हो, दिसलाच नाहीत!’ त्यावरचं उत्तरही ठरलेलं: ‘डोळे काय घरी ठेवून आलात?’ इंग्लंडात ही सबब इतकी चावून चोथा झाली आहे की तिथल्या दुचाकीवाल्यांनी ‘सॉरी मेट, आय डिडन्ट सी यू’ या वाक्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘स्मिड्सी’ असं तिचं बारसंच करून टाकलं. आपली चूक झाकायला मारलेली थाप, असाच तिचा अर्थ घेतला जातो.

मला वाटतं, मोटारवाला बऱ्याचदा खरं बोलत असतो. त्याने बघितलेलं असतं, आणि तरीही त्याला दिसलेलं नसतं. हे कसं होतं ते समजायला दहावीची भूमिती पुरते.

कागदावर एक चौक काढा, रस्ते काटकोनात. मोटार ताशी 40 किलोमीटरने सरळ येते आहे, उजवीकडच्या रस्त्यावरून सायकल ताशी 15 ने. दोघंही एकाच क्षणी चौकाच्या मध्यावर पोचणार आहेत, म्हणजेच टक्कर ठरलेली आहे. टकरीच्या 3 सेकंद आधी मोटार मध्यापासून 33 मीटरवर असेल, सायकल साडेबारा मीटरवर. 2 सेकंद आधी 22 आणि 8. अंतरं घटतात, पण त्यांचं गुणोत्तर हलत नाही. त्रिकोण समरूप राहतो, आणि समरूप त्रिकोणाचे कोन बदलत नाहीत. चालकाच्या नाकासमोरच्या रेषेपासून सायकल साडेवीस अंशांवर होती आणि शेवटपर्यंत तिथेच राहते. ती पुढेही सरकत नाही, मागेही नाही. काचेवरच्या एकाच ठिपक्यावर ती चिकटलेली असते.

खलाशांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी 1972 मध्ये जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांत लिहिलेलं आहे की जवळ येणाऱ्या जहाजाची होकायंत्रावरची दिशा फारशी बदलत नसेल, तर टकरीचा धोका आहे असं समजा. बोटीवर विचार करायला काही मिनिटं मिळतात. चौकात तीन सेकंद.

आता डोळ्याकडे वळू. डोळ्यातला बारीक तपशील दिसणारा मधला भाग फार छोटा असतो; हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा, साधारण तेवढाच. बाकीचं दृश्य धूसर असतं. त्या धूसर भागाला आकार नीट कळत नाहीत, हालचाल मात्र चटकन कळते. आणि आपली सायकल तर हलतच नाहीये! ती फक्त मोठी होते आहे, तेही कसं बघा. स्वारासकट 1.7 मीटर उंची धरली, तर 3 सेकंद आधी ती डोळ्यात 2.7 अंशांची दिसते, 2 सेकंद आधी 4 अंशांची, 1 सेकंद आधी 8 अंशांची, अर्ध्या सेकंदावर 16 अंशांची. वाढ सगळी शेवटाला. ‘अचानक कुठून उगवला कोण जाणे’ हे चालकाचं दुसरं लाडकं वाक्यही त्यामुळे त्याच्या डोळ्यांपुरतं खरंच असतं.

त्यात भर म्हणजे पुढच्या काचेच्या कडेचा खांब, गॅरेजमध्ये ज्याला ए-पिलर म्हणतात तो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि बऱ्याच गाड्यांत उजवा खांब नेमका या वीस-पंचवीस अंशांच्या आसपास येतो. समजा खांब 10 सेंटिमीटर रुंद आहे, डोळ्यांपासून 70 सेंटिमीटरवर आहे आणि दोन डोळ्यांमध्ये साडेसहा सेंटिमीटर अंतर आहे. दोन्ही डोळे उघडे असूनही 35 मीटरवरची सुमारे 1.8 मीटरची पट्टी त्याच्यामागे गडप होते. सायकलची लांबी जवळपास तेवढीच. 12 मीटरवर मात्र ही पट्टी 65 सेंटिमीटरची उरते, म्हणजे शेवटच्या सेकंदाला सायकल खांबाच्या दोन्ही बाजूंनी एकदम बाहेर डोकावते. तोवर पाय ब्रेककडे नेण्यातच 11 मीटर संपतात.

‘पण मी दोन्हीकडे मान वळवून बघतो,’ असं कुणी म्हणेल. झरकन वळवली तर फार उपयोग नाही. नजर सरळ सरकत नाही, ती उड्या मारते, आणि उडी चालू असताना मेंदू चित्र जवळजवळ बंद ठेवतो. बेनो अर्डमन आणि रेमंड डॉज यांनी हे 1898 मध्येच आरशासमोर नोंदवलं होतं. तुम्हीही करून पाहा: आरशात आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या. बुबुळं हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र स्पष्ट दिसतील. मधली फट मेंदू बेमालूम बुजवतो, त्यामुळे काही राहून गेलं असं वाटतसुद्धा नाही.

जाता जाता एक सांगतो. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून आरशाला कवड्यांच्या माळा, काळ्या बाहुल्या लटकवतात. संकट त्यांच्याने किती टळतं ते लटकवणारेच जाणोत. समोरच्या दृश्याचा एक तुकडा त्या झाकतात, एवढं नक्की. आणि ‘सेन्सर आहेत, गाडी आपोआप थांबते’ म्हणून निर्धास्त होणारे आधुनिक लोकही याच पंक्तीतले.

समजुतीचा घोळ सायकलवाल्याच्या बाजूनेही होतो. फिनलंडमध्ये मोटार-सायकल टकरींचा एक अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे वाहनं उजवीकडून चालतात. उजवीकडे वळणारे चालक मोटारी येतायत का म्हणून डावीकडे बघत राहिले आणि उजवीकडून आलेल्या सायकलला धडकले. अशा टकरींत सायकलस्वार आधी दिसला होता फक्त 11 टक्के चालकांना. उलट 68 टक्के सायकलस्वारांनी मोटार पाहिली होती, आणि त्यांच्यापैकी 92 टक्क्यांना वाटलं की नियमाप्रमाणे तो आपल्याला वाट देईल. ‘मला तो दिसतोय, म्हणजे त्यालाही मी दिसत असणार’ हा सायकलवाल्याचा हिशेब असतो. खांबामागून तो लागू पडत नाही.

उपाय कोन मोडण्याचा आहे. सायकलवाल्याने चौकाआधी वेग थोडा बदलावा, हँडल किंचित डावी-उजवीकडे करावं. ठिपका हलू लागतो. चालकाने नजर दोन-तीन ठिकाणी क्षणभर टेकवत न्यावी आणि खांबामागे बघायला अंग पुढे-मागे करावं. हे थोडं बावळट दिसतं, दिसू द्या.

आणि चुकलंच तर माफी मागताना काच खाली करून हात बाहेर काढा. तिरक्या काचेत बाहेरून आकाशाचं प्रतिबिंब दिसतं, त्यामुळे आत उचललेला हात सायकलवाल्याला बहुधा दिसतच नाही. डिपर तर मुळीच मारू नका. इंग्लंडात बरेच जण तो ‘तुम्ही आधी जा’ म्हणून मारतात. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतोय, सरक’ एवढाच होतो.