अंबर (पुरुषनाम)

अंबर : अरबी पुरुषनाम. मूळ रूप 'अन्बर'. लिहिताना 'न्' असला तरी 'ब'च्या आधी त्याचा उच्चार 'म्' होतो. त्यामुळे फार्सी व मराठी कागदांतले 'अंबर' अरबी उच्चाराला जवळचेच आहे. संस्कृत 'अंबर' (आकाश, वस्त्र) याच्याशी त्याचा संबंध नाही. धान्याचा 'अंबार', पन्हाळ्याचा 'अंबारखाना' किंवा इराकमधील अल्-अन्बार हे नगर यांतील शब्द 'कोठार' या अर्थाचा फार्सी असून तो अरबी लिपीतील अलिफ या अक्षराने लिहितात. हे नाव ऐन या अक्षराने सुरू होते. देवनागरीत हा भेद लोपतो आणि घोटाळा होतो.

अर्थ : स्पर्म देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा, लाटांबरोबर किनाऱ्याला लागणारा सुगंधी पदार्थ. ताजा असताना तो काळा व दुर्गंधी असतो. समुद्रात दीर्घकाळ राहिल्यावर करडा व सुवासिक होतो. आयुर्वेदातील 'अग्निजार' म्हणजे हाच, असे काही अभ्यासक मानतात.

शब्दाच्या मुळाविषयी मतभेद आहेत. अरबीत 'अन्बर' हे माशाचेही नाव आहे. पैगंबरांच्या अनुयायांच्या एका तुकडीने किनाऱ्यावर सापडलेला प्रचंड 'अन्बर' मासा अनेक दिवस खाल्ल्याची कथा हदीसमध्ये (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या परंपरेत) येते. इथिओपियाच्या प्राचीन गीझ भाषेतही या शब्दाशी जुळणारा शब्द देवमाशासाठी आढळतो. त्यामुळे आधी प्राण्याचे नाव आणि नंतर पदार्थाचे, हा क्रम अधिक संभवनीय वाटतो. तांबड्या समुद्राच्या कोणत्या काठावरून शब्द कोठे गेला, हे मात्र सांगता येत नाही.

नाव म्हणून त्याचा इतिहास दुपदरी आहे. तमीम या अरब जमातीची एक शाखा बनू अल्-अन्बर म्हणून ओळखली जाते. म्हणजे मूळपुरुषाचे नाव म्हणून ते प्रतिष्ठित होते. पुढे ते मुख्यतः गुलामांचे नाव झाले. खरेदी केलेल्या गुलामांना सुगंधी द्रव्यांची वा रत्नांची नावे देण्याची रूढी होती. इजिप्तचा सत्ताधीश काफूर (कापूर), कैरोचा संस्थापक जौहर (रत्न) आणि भूगोलकार याकूत (माणिक) ही त्याची ठळक उदाहरणे. 'अंबर' हे त्याच मालिकेतले नाव. त्यात पदार्थाचा गडद रंग सूचित असावा, हे मत ग्राह्य वाटते. फार्सी काव्यात काळ्याभोर केसांना अंबराची उपमा सर्रास दिली जाते.

दख्खनमध्ये हे नाव हबशी (आफ्रिकी वंशाच्या) सरदारांबरोबर रुजले. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (सु. १५४८–१६२६) हा मूळचा इथिओपियाचा. त्याचे पूर्वीचे नाव बहुधा चापू. काही ठिकाणी शंभू असेही दिले जाते. गुलामीत हात बदलत असताना एका मालकाने त्याला अंबर हे नाव दिले, असे सामान्यतः मानतात. 'मलिक' हा किताब. जहांगीर मात्र आत्मचरित्रात त्याचा उल्लेख काळ्या वर्णावरून हिणवून करतो. औरंगाबादच्या नहर-ए-अंबरी या पाणीपुरवठा योजनेत त्याचे नाव टिकून आहे. कबर खुलदाबादला आहे. जंजिऱ्याच्या आरंभीच्या सिद्दी प्रमुखांतही हे नाव आढळते.

पुरुषनाम म्हणून ते आता विरळा आहे. उर्दू भाषकांत अंबर व 'अंबरीन' ही मुलींची नावे अधिक प्रचलित आहेत.